साधार उत्तर आणि घड्याळासमोरचा निबंध

पर्वत पाटिया हे सुरत शहराच्या पूर्व भागातील एक गजबजलेले नाके आहे. आपण मराठीत ज्याला फाटा म्हणतो त्याला गुजरातीत पाटिया म्हणतात. हमरस्त्यावर गावाच्या नावाची पाटी जेथे उभी असते ते ठिकाण. पर्वत नावाचे गाव वाढत्या शहराच्या पोटात केव्हाच गडप झाले, आणि डोंगर म्हणाल तर येथे औषधालाही सापडावयाचा नाही. या नाक्यापासून लिंबायत, गोडादरा, डिंडोलीपर्यंत जी दाट वस्ती पसरली आहे तीत धुळे, जळगाव, नंदुरबार या जिल्ह्यांतून पोटासाठी आलेली मराठी कुटुंबे फार मोठ्या संख्येने राहतात. बाप लूमच्या कारखान्यात किंवा कापडबाजारात, आई घरी बसून साड्यांना लेस लावते किंवा टिकल्या चिकटविते, आणि मुले मराठी शाळेत येतात. घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती आणि वहीत पुस्तकी मराठी असा त्यांचा दिनक्रम. अशा मुलांना लघु उत्तरे व निबंध लिहावयास शिकविण्याचा उद्योग मी बरीच वर्षे करीत आलो आहे. त्या उद्योगात माझे जे चुकले आणि जे थोडेफार साधले ते अकादमीच्या शिक्षक-सभासदांपुढे मांडावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

उत्तरपत्रिकांपासूनच आरंभ करणे बरे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मधील तो सुपरिचित प्रसंग घ्या. न्हाणे झाल्यावर ओले तळवे मातीने मळू नयेत म्हणून श्याम हट्ट धरतो, आई आपले लुगडे धोंड्यावर पसरून त्याला त्यावर पाय ठेवू देते, आणि मग पायांना जपतोस तसे मनालाही जप, असे त्याला सांगते. यावर मी प्रश्न घातला : ‘आई श्यामवर केवळ माया करीत नव्हती, त्याला घडवीतही होती, हे उताऱ्याच्या आधारे स्पष्ट करा.’ जी उत्तरे आली त्यांचे ढोबळ मानाने तीन वर्ग पडले. पहिल्या वर्गातील मुलांनी लिहिले की आई फार प्रेमळ होती, संस्कारी होती, थोर होती, आईसारखे दैवत जगात नाही. विशेषणांची रास, पण उताऱ्यातील एक शब्द नाही. हे उत्तर जगातील कोणत्याही आईला लागू पडेल. दुसऱ्या वर्गातील मुलांनी उताऱ्यातील सहा ओळी जशाच्या तशा उतरून काढल्या आणि खाली रेघ मारली. येथे आधार सगळा होता, पण तो कशाचा आधार हे कोठेच सांगितलेले नव्हते. तिसरा वर्ग हुशार मुलांचा. त्यांनी विधानही केले, उताऱ्यातील गोष्टही सांगितली. मात्र दोन्ही शेजारी शेजारी ठेवून ती मोकळी झाली. ‘आई श्यामला घडवीत होती. तिने लुगडे पसरले.’ पण लुगडे पसरणे ही तर माया झाली! घडविणे त्यात कोठे आले? ते आहे हे मला ठाऊक होते, त्या मुलालाही ठाऊक होते. कागदावर तेवढे आलेले नव्हते.

पहिल्या दोन वर्गांचा दोष लवकर सुधारतो. विशेषणे लिहिणाऱ्या मुलाला ‘कशावरून?’ एवढे विचारावे, आणि उतारा लिहिणाऱ्याला ‘बरे, मग?’ असे विचारावे. आठ-पंधरा दिवसांत त्यांची गाडी रुळावर येते. खरी अडचण तिसऱ्या वर्गाची आहे. कारण त्या मुलाचा विचार पुरा झालेला असतो आणि लेखन अपुरे राहिलेले असते. हे असे का होते, याचा उलगडा मला अनपेक्षित ठिकाणी झाला.

महाविद्यालयात असताना अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ मी परीक्षेपुरता वाचला होता. त्यात अनुमानाचे दोन प्रकार सांगितले आहेत : स्वार्थानुमान आणि परार्थानुमान. मनुष्य स्वतःपुरते जे अनुमान करतो ते स्वार्थ. तेच दुसऱ्यास पटवून देण्यासाठी करतो ते परार्थ. डोंगरावर धूर पाहणारा माणूस तेथे आग आहे हे मनातल्या मनात क्षणात ओळखतो. त्याला पायऱ्या मांडाव्या लागत नाहीत. दुसऱ्याला पटवावयाचे झाले म्हणजे मात्र पाच अवयव क्रमाने सांगावे लागतात. पर्वतावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तेथे धूर आहे, हा हेतू. जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघर, हे उदाहरण. तसाच धूर या पर्वतावर आहे, हा उपनय. म्हणून पर्वतावर अग्नी आहे, हे निगमन. (न्यायशास्त्रातील हा पर्वत आणि आमचे पर्वत पाटिया यांचा काही संबंध नाही, हे सांगणे नलगे. तथापि आमच्या मुलांना धूर दाखविण्यासाठी डोंगराची आवश्यकताही नाही. पांडेसऱ्याकडील डाइंग-प्रिंटिंग मिलांच्या चिमण्या त्यांनी पाहिलेल्या असतात, आणि चिमणीतून धूर निघत असला तर मिल चालू आहे हे पाचवीतले पोरही सांगते.)

पुष्कळ वर्षांनी, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात असताना, हा भेद मला आठवला. तिसऱ्या वर्गातील मुलाने स्वार्थानुमान केलेले होते आणि परार्थानुमान लिहिण्याची त्याला गरजच वाटत नव्हती. त्याचे म्हणणे, त्याने ते बोलून दाखविले नाही तरी, असे असावे : प्रश्न सरांनीच काढला, पुस्तक सरांनीच शिकविले, उत्तर सरांना माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे, मग त्यांना मी काय समजावून सांगू? आणि या म्हणण्यात तथ्य आहे. शाळेतील लेखन हे एक विलक्षण लेखन आहे. जगात सर्वत्र माहीत असलेला माणूस माहीत नसलेल्याला सांगतो. शाळेत मात्र कमी जाणणारा अधिक जाणणाऱ्याला सांगतो. तेव्हा मधल्या पायऱ्या गळून पडल्या तर नवल कसले? आपण त्या मुलाला अपुरे उत्तर लिहिल्याबद्दल रागावतो. वस्तुतः आपण त्याला खरा वाचकच दिलेला नसतो.

म्हणून मी वाचक बदलून पाहिला. आठवीच्या मुलांनी उत्तर लिहावे आणि ते उतारा न वाचलेल्या कोणाला तरी घरी वाचून दाखवावे, असे सांगितले. बहुतेकांच्या घरी हा वाचक म्हणजे आईच. दुसऱ्या दिवशी एका मुलीने वही पुढे केली. ती म्हणाली, “सर, मी आईला वाचून दाखवले. ती साडीला टिकल्या लावत होती. म्हणाली, ‘तुले कसं समजनं?’ मग मी तिला सगळं सांगितलं आणि तेच खाली लिहिलं.” तिने खाली लिहिले होते ते असे : आईने आधी लुगडे पसरून श्यामचा हट्ट पुरविला आणि मग उपदेश केला. आधीच उपदेश केला असता तर तो श्यामला बोलणे बसल्यासारखे वाटले असते. हट्ट पुरविल्यामुळे त्याचे मन मऊ झाले होते, म्हणून ती गोष्ट त्याच्या मनात राहिली. म्हणजे ती त्याला घडवीत होती. शुद्धलेखनाच्या सात-आठ चुका होत्या. परंतु लुगडे आणि घडविणे यांमधला जो दुवा वर्गातील एकाही हुशार मुलाला कागदावर आणता आला नव्हता तो या मुलीने आणला होता, कारण लुगड्यांचाच व्यवसाय करणाऱ्या, कधी शाळेत न गेलेल्या एका बाईने तिला खरा प्रश्न विचारला होता.

‘तुले कसं समजनं?’ हेच आमचे पुस्तकी ‘कशावरून?’ होय. आणि या प्रश्नाच्या उत्तराला लागणारा शब्दही या मुलांजवळ उदंड आहे. अहिराणीत तो ‘म्हनीसन’. पाणी उनं म्हनीसन मी शायामा उनू नही, असे कारण मुलगा दारातच देतो. गुजरातीत तोच शब्द ‘एटले’ होऊन येतो, हिंदीत ‘इसलिए’ होतो. दिवसभर तीन भाषांत कारण देणारे हे मूल मराठीच्या उत्तरपत्रिकेत ‘म्हणून’ लिहीत नाही! त्याला तर्क येत नाही असे आपण निदान करतो. वास्तविक पुस्तकी भाषा ही त्याच्या दृष्टीने कारणे देण्याची भाषाच नसते. ती सुंदर वाक्ये लिहिण्याची भाषा असते. या समजुतीला आपणच जबाबदार आहोत. कच्च्या लेखनात ‘म्हनीसन’ आले तर मी त्यावर लाल रेघ मारीत नाही. दुवा जुळला आहे ना, हे आधी पाहतो. पक्क्या प्रतीत ‘म्हणून’ करावयास सांगतो. आमच्या काही सहकाऱ्यांना हे शैथिल्य वाटते. तथापि विचार आधी आणि लेखनाची शिस्त मागाहून, हा क्रम मुलाच्या बोलीचा अपमान न करता साधता येतो, असा माझा अनुभव आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. न्यायाचे पाच अवयव मी एका वर्षी फळ्यावर लिहून दिले आणि मुलांनी ते पाठ केले! मग प्रत्येक उत्तराच्या शेवटी ‘यावरून असे सिद्ध होते की’ हे वाक्य येऊ लागले, काही सिद्ध झालेले असो वा नसो. साचा बदलला, पाठांतर तेच राहिले. तेव्हापासून पाचाऐवजी तीनच गोष्टी मी तोंडी विचारतो : तुझे म्हणणे काय, ते उताऱ्यात कोठे दिसते, आणि जे दिसते त्यावरून तुझे म्हणणे कसे निघते. त्यांना नावे देत नाही. तिसऱ्या प्रश्नावर वेळ द्यावा. पहिले दोन मुले आपापली सोडवितात.

आधार कसा निवडावा हेही शिकवावे लागते. मुलांना वाटते की अधिक ओळी म्हणजे अधिक पुरावा. वस्तुतः चार गुणांच्या उत्तरात दोन-तीन शब्दांचे अवतरण पुरते; बाकीचे स्वतःच्या शब्दांत सांगावे. यासाठी एक खेळ उपयोगी पडतो. उताऱ्यातील असा एकच शब्द शोधा, जो काढला तर तुमचे विधान कोसळेल. वरील प्रसंगात बहुतेक मुले ‘उपदेश’ हा शब्द सांगतात. क्वचित एखादा ‘ओले’ म्हणतो. ओल्या तळव्यांखाली स्वतःचे लुगडे दगडावर पसरले की ते मळणार, ते पुन्हा धुवावे लागणार, हे त्याला दिसलेले असते. त्या मुलाला मी काही शिकविले असे मला वाटत नाही.

याहूनही फलदायी पाठ म्हणजे विरुद्ध आधार. त्याच पुस्तकात श्याम पोहावयास जाण्याचे टाळतो तेव्हा आईच त्याला शिंपटीने मारून पाठविते. मग आई प्रेमळ की कठोर? वर्गात लगेच दोन पक्ष पडतात आणि ज्याला त्याला आपल्याच बाजूची गोष्ट आठवते. त्यांना सांगावे, की समोरच्या पक्षाचा आधार तुमच्या उत्तरात आला पाहिजे आणि तो येऊनही तुमचे विधान उभे राहिले पाहिजे. दोन ओळींच्या उत्तरात हे बसत नाही. पण येथूनच लघु उत्तराचा निबंध होऊ लागतो. न्यायशास्त्रकारांनी हेत्वाभासांचा एवढा विचार केला तो उगाच नव्हे. दुरून दिसणारी वाफ किंवा धूळ यांना धूर समजून आगीचे अनुमान करणारा मनुष्य त्यांना पदोपदी भेटत असला पाहिजे. आम्हांलाही तो भेटतो, दर चाचणीला.

‘निबंध’ या शब्दाकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. आज शाळेत आपण जो निबंध म्हणतो त्याचा वंश इंग्रजी वळणाचा आहे, आणि त्या वळणाचा मूळ पुरुष माँतेन्य याने १५८० साली आपल्या लेखांना जे नाव दिले त्याचा अर्थ ‘प्रयत्न’ असा होतो. आपल्याकडे मात्र ‘निबंध’ हा शब्द धर्मशास्त्रात फार पूर्वीपासून रूढ होता. निरनिराळ्या स्मृतिपुराणांतील वचने एकत्र करून, त्यांची संगती लावून निर्णय देणारा ग्रंथ तो निबंध. यादवांच्या काळातील हेमाद्रीचा ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा असा निबंध. कमलाकरभट्टाचा १६१२ सालचा ‘निर्णयसिंधु’ हाही असाच. म्हणजे आमच्या परंपरेत निबंध म्हणजे आधारांची बांधणी होय; शब्दांची आतषबाजी नव्हे. पुढे १७९०च्या सुमारास पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्याय यांनी ‘धर्मसिंधु’ रचला तेव्हा त्यांनी प्रारंभीच सांगून टाकले, की मूळ वचने बहुधा गाळून केवळ निर्णय देत आहे, कारण ग्रंथ बालबोधासाठी आहे. त्यांची सोय योग्यच होती आणि म्हणून त्यांचा ग्रंथ घरोघर गेला. परंतु मला कधीकधी वाटते, की बाजारातील मार्गदर्शिका पाठ करणारी आमची मुले सगळी ‘धर्मसिंधु’च लिहितात. निर्णय तेवढा असतो, वचने गाळलेली असतात. फरक एवढाच, की काशीनाथशास्त्र्यांनी ती वाचून गाळली होती.

सुरतेच्या मराठी शिक्षकाला आणखी एक वारसा आहे आणि तो आपण विसरत चाललो आहो. ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे याच शहरातील सरकारी इंग्रजी शाळेत शिक्षक होते. येथे दुर्गाराम मंछाराम मेहताजी या गुजराती शिक्षकाशी त्यांचा स्नेह जमला आणि २२ जून १८४४ रोजी मानवधर्म सभेची स्थापना झाली. मंत्रतंत्र जाणतो म्हणविणाऱ्यांना या सभेने आव्हान दिले की आपली विद्या चारचौघांसमक्ष सिद्ध करून दाखवा. एक मराठी आणि एक गुजराती शाळामास्तर मिळून भर सुरतेत ‘कशावरून?’ हा प्रश्न विचारीत होते. त्यानंतर सात वर्षांनी, १८५१ मध्ये, सुरतेचाच नर्मद गुजरातीतील पहिला मानला जाणारा निबंध लिहितो. आणि पुण्यास विष्णुशास्त्री चिपळूणकर, तेही शिक्षकच, १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू करतात. या मंडळींची सर्वच मते आज कोणाला पटणार नाहीत. परंतु निबंध म्हणजे परीक्षेतील दहा गुणांचा प्रकार, असे त्यांपैकी कोणालाही वाटले नसते.

आता घड्याळाकडे वळू. कारण वरील सारे विवेचन मान्य करूनही शिक्षक शेवटी म्हणतात, “हे ठीक, पण तीन तासांत मूल हे करणार केव्हा?” आमच्या गुजरात बोर्डाची दहावीची प्रश्नपत्रिका ८० गुणांची आणि तीन तासांची असते. एकशे ऐंशी मिनिटांतून वाचन, निवड आणि शेवटची नजर यांसाठी वीस मिनिटे बाजूला काढली की एकशे साठ उरतात. म्हणजे गुणास दोन मिनिटे. दोन गुणांच्या उत्तराला चार मिनिटे आणि निबंधाला आठ गुण असतील तर सोळा मिनिटे. हे गणित मुलांकडूनच करवून घ्यावे. आपण सांगितले तर ते उपदेशात जमा होते. नंतर प्रत्येकाने आपला लिहिण्याचा वेग मोजावा. मिनिटाला दहा शब्द पडत असतील तर सोळा मिनिटांत एकशे साठ शब्द होतील, आणि त्यांपैकी चार मिनिटे विचाराला दिली तर एकशे वीस. एवढ्या शब्दांत प्रस्तावना, पाच मुद्दे, तीन सुभाषिते आणि समारोप मावत नाही हे मुलाला स्वतःच दिसते. दोन मुद्दे मावतात. मग कोणते दोन, हा प्रश्न उभा राहतो, आणि तोच खरा निबंधाचा प्रश्न आहे.

विचाराला दिलेली चार मिनिटे हीच मुलांना फार जड जातात. शेजारचा लिहू लागला की हाताला कंप सुटतो. यासाठी आमच्या शाळेत सरावाच्या तासाला पहिली चार मिनिटे लेखणी बाकावर आडवी ठेवावयाची, असा नियम केला. त्या वेळात मनात दोन मुद्दे धरावयाचे आणि प्रत्येक मुद्द्यासाठी स्वतः पाहिलेली किंवा वाचलेली एक गोष्ट शोधावयाची. मग दोन ओळींचे टिपण, आणि मग लेखन. आरंभी मुले छताकडे पाहत बसत. दिवाळीपर्यंत छताकडे पाहणाऱ्यांची संख्या बरीच कमी झाली. शेवटची तीन मिनिटे राहिली की घंटेचा एक टोला द्यावा आणि जेथे असाल तेथून शेवटच्या वाक्याकडे वळा असे सांगावे. मधला परिच्छेद राहिला तर चालतो. म्हणणे अर्धवट लोंबकळत ठेवू नये.

गतीविषयी मुलांचा, आणि आपलाही, एक मोठा गैरसमज आहे. भराभर लिहिणारा तो ज्याचे पाठांतर चोख, असे आपण धरून चालतो. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहिली. ही गती पाठांतराची नव्हे. आयुष्यभराच्या आठवणी मनात होत्या, आणि सांगण्याची सवय होती. अमळनेरच्या छात्रालयात ते मुलांसाठी हस्तलिखित दैनिक स्वतः लिहून काढीत असत. रोज काही सांगावयाचे, रोज काही लिहावयाचे, हे ज्याच्या हाताला पडले त्याला पाच दिवस पुरले. आमच्या मुलाला सोळा मिनिटे पुरावीत यासाठी त्याच्यापाशीही स्वतःची सामग्री हवी. ती त्याच्यापाशी असते. आपण ती वर्गात आणू देत नाही.

मी स्वतः ती अनेक वर्षे आणू दिली नाही. निबंध फळ्यावर लिहून द्यावयाचे, मुलांनी उतरून घ्यावयाचे, पाठ करावयाचे, अशीच माझी रीत होती आणि निकालही बरे लागत. एका वर्षी परीक्षेत पूरग्रस्ताचे मनोगत हा विषय आला. माझ्या एका विद्यार्थ्याने ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा मी दिलेला निबंध अक्षरशः उतरवून ठेवला. त्यात हिरवा शालू नेसलेली धरित्री होती, पिसारा फुलविणारा मोर होता आणि कागदाच्या होड्या होत्या. मुलगा राहत होता लिंबायतच्या सखल भागात. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि सुरतेचा फार मोठा भाग बुडाला, हे त्याने घरी ऐकलेले होते. ते दूर राहो. मिठी खाडीचे पाणी त्याच्या गल्लीत पावसाळ्यात शिरत असे आणि घरातील साड्यांचे गठ्ठे माळ्यावर चढविण्याचे काम त्याचेच असे. हे मला त्याने नंतर सांगितले. मी विचारले, “अरे, मग हे का नाही लिहिलेस?” तो म्हणाला, “सर, ते निबंधात चालतं का?”

त्या दिवसापासून फळ्यावर निबंध लिहून देणे मी बंद केले. विषयही बदलले. ‘मोबाइल : शाप की वरदान’ या विषयावर मुलांपाशी पाठ केलेली वाक्ये तयार असतात, त्याऐवजी ‘खाडीचे पाणी आमच्या गल्लीत का शिरते?’ असा विषय दिला. मोर आले नाहीत. प्लास्टिकच्या पिशव्यांनी तुंबलेली गटारे आली, खाडीच्या काठावर वाढलेले बांधकाम आले, वरच्या भागात पाऊस नसतानाही पाणी कसे चढते यावर वाद आला. एकाने सगळा दोष महानगरपालिकेला दिला. त्याच्या शेजारणीने तुझ्याच घरचा कचरा खाडीत जातो असे लिहून दिवस आणि वेळही नोंदविली. दोघांच्या निबंधांत आधार होता, आणि दोघांनी वेळेत संपविले.

सहकाऱ्यांचा एक आक्षेप मात्र मला टाळता येत नाही. साठ मुलांच्या वह्यांत प्रत्येक दुवा तपासावयाचा तर शिक्षकाने झोपावे केव्हा? यावर माझ्यापाशी पूर्ण उत्तर नाही. एका वेळी मी एकच गोष्ट तपासतो. या आठवड्यात केवळ आधार, पुढच्या आठवड्यात केवळ दुवा. समासात वाक्येच्या वाक्ये न लिहिता ‘कशावरून?’ किंवा ‘मग?’ एवढेच लिहितो, आणि उत्तर मुलाने त्याखाली लिहून वही परत आणावयाची असते. लेखनदोषांची वेगळी यादी वर्गात एकदाच घेतो. आदर्श उत्तरातील ठरावीक मुद्दे नसले तर परीक्षक गुण कापतील ही भीतीही निराधार नाही. परंतु २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही पाठांतरापेक्षा मूलभूत क्षमतांची परीक्षा व्हावी असा आग्रह धरला आहे, आणि प्रश्नपत्रिका त्या वळणावर जसजशा येतील तसतशी ही भीती ओसरावी.

मला अधिक काळजी वाटते ती वेगळीच. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा अनेक माध्यमांतून चालतात. प्राथमिक शिक्षण संपल्यावर मात्र आमची कितीतरी मुले गुजराती किंवा हिंदी माध्यमाकडे वळतात. मराठीचे शब्द, म्हणी, पाठ केलेल्या प्रस्तावना त्या दारातच गळून पडतात. गेल्या वर्षी गुजराती माध्यमात नववीला गेलेली ती मुलगी, जिच्या आईने तिला ‘तुले कसं समजनं?’ असे विचारले होते, दाखला न्यावयास आली होती. नव्या शाळेत कसे चालले आहे असे मी सहज विचारले. लिपी अजून चुकते, म्हणाली, ‘झ’ आणि ‘ठ’ काढताना थांबावे लागते. पण उत्तरात काय लिहावयाचे ते येते. आणि तिने वहीचे एक पान दाखविले. गुजरातीत अडखळत लिहिलेल्या चार ओळी होत्या, आणि तिसऱ्या ओळीच्या आरंभी ‘एटले’ होते.